पद्मिनी गरम झाली की बंद पडते: पार्ट बदलण्याआधी रस्त्यावरच काय तपासायचं

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. स्लो छान, आवाज छान. अर्धा-पाऊण तास चालवली, सिग्नलला अडकली किंवा घाटाला लागली, की झटके खाते आणि बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा चालू होते. गॅरेजला नेईपर्यंत ती थंड झालेली असते, तिथे काही सापडत नाही, मग मेकॅनिक अंदाजाने एक पार्ट बदलून देतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

ही तक्रार इतकी जुनी आहे की तिला सरसकट एकच नाव पडलंय: ‘एअर धरते’, म्हणजे पेट्रोलच्या वाटेत वाफ अडकते. आणि उपायही ठरलेला, एसी पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनवरच्या पंपावर, ओलं फडकं. फडकं टाकलं, दहा मिनिटांनी गाडी चालू झाली, म्हणजे निदान पक्कं असं धरलं जातं. पण त्या दहा मिनिटांत एकटा पंपच थंड होत नाही. ठिणगीसाठी जोराचा करंट देणारी कॉइल थंड होते. त्याच ठिणगीच्या सर्किटमधला कंडेन्सर थंड होतो. कार्बोरेटरमध्ये उतू गेलेलं पेट्रोल उडून जातं. टाकीत तयार झालेली ओढ हळूहळू सुटते. पाच वेगवेगळे रोग आहेत आणि पाचही नुसतं थांबल्याने बरे वाटतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, करंट गेलाय की पेट्रोल ते आधी ठरवा. फडकं नंतर. एकदा थंड झाली की पुरावा गेला.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, पुढे तीच प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. नावं बदलली, ग्रिल बदललं, दिवे बदलले, पण १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात तेच राहिलं. त्यामुळे खाली लिहिलंय ते डिलाइटपासून शेवटच्या पेट्रोल पद्मिनीपर्यंत सगळ्यांना लागू आहे. अँबेसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड असेल तरी तपासणीचा क्रम हाच ठेवा, पार्टची जागा तेवढी बदलेल.

बंद पडली ती कशी पडली?

गाडी बाजूला घेतली की बॉनेट उघडण्याआधी एक मिनिट आठवा. शेवटच्या शंभर मीटरमध्ये काय झालं?

बटण दाबून दिवा घालवावा तशी एका क्षणात गेली असेल तर संशय करंटवर. आधी उचल कमी झाली, मग झटके, मग खोकत खोकत गेली, आणि मधे चोक थोडा ओढल्यावर दोन-चार सेकंद जीव आला, तर संशय पेट्रोलवर, म्हणजे ते कमी पोचतंय. चालताना काही त्रास नाही, पण पेट्रोल भरायला किंवा चहाला पाच-दहा मिनिटं थांबलात आणि नंतर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायला आली, बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय. इंजिन बंद केल्यावर खालची उष्णता वर चढते, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये साठलेलं पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळ्यांत, उतू जातं. अशा वेळी चोक ओढू नका, अॅक्सिलरेटर पंप करू नका. पाय तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं आणि गाडी धूर सोडत चालू होते. एवढ्यावर चालू झाली तर पंप आणि कॉइलला हात लावू नका. फ्लोटची लेव्हल, चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटरच्या बुडाखालचा उष्णता अडवणारा जाड तुकडा, एवढंच बघायचं आहे.

झटके देत मरणारी गाडी मात्र फसवू शकते. गरम झालेला कंडेन्सरही आधी मिसिंग देतो आणि मग दगा देतो. म्हणून आठवणीवर थांबू नका, तपासा.

आधी करंट, कारण अजून पेट्रोल कुठे सांडलेलं नाही

क्रम महत्त्वाचा आहे. पेट्रोलचा पाइप काढून बाटली भरायची आणि मग त्याच्याच शेजारी ठिणगी पाडायची, असा उलटा उद्योग करू नका. गरम इंजिनवर सांडलेल्या पेट्रोलने गाड्या जळालेल्या आहेत. अग्निशामक डिकीत नाही, हाताच्या अंतरावर हवा.

डिकीत एक जादा स्पार्क प्लग कायम ठेवा, गॅप साधारण ०.६ मिमी. कॉइलची मधली वायर डेल्कोच्या (डिस्ट्रिब्यूटर, चारही प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) टोपीतून काढा, तिला हा प्लग लावा, प्लगचं लोखंड इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठणठणीत, निळसर, आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट (डेल्कोच्या आत करंट जोडणारी-तोडणारी टोकं) आणि कंडेन्सर या घडीला काम करताहेत. पिवळी, बारीक, अधूनमधून येणारी किंवा येतच नसेल तर दोष त्या तिघांत किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये आहे.

इथे ठिणगी चांगली आणि प्लगच्या वायरवर मात्र नाही, असं झालं तर टोपी आणि रोटर. टोपीखाली फिरणारा हा रोटर विशेष बघा. बाजारातल्या स्वस्त रोटरमध्ये पितळेची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि गरम झाल्यावर करंट त्या रिव्हेटमधून खालच्या शाफ्टला जातो. टोपी काढा, कॉइलची मधली वायर लाकडी चिमट्यात धरून तिचं टोक रोटरच्या पितळेच्या वर तीन-चार मिमी अंतरावर ठेवा, सेल्फ मारायला सांगा. रोटर निरोगी असेल तर ठिणगी उडी मारणार नाही, कारण तिला जायला वाटच नसते. उडी मारली म्हणजे रोटर आतून गळतोय.

कंडेन्सरची परीक्षा रस्त्यावरही होते आणि ती इतकी सोपी आहे की लोक करत नाहीत याचं मला वाईट वाटतं. चांगला म्हणून माहीत असलेला एक कंडेन्सर बरोबर ठेवा. डेल्कोच्या आतल्या कंडेन्सरची वायर सोडवून बाजूला करा, नवा कंडेन्सर डेल्कोकडे जाणाऱ्या कॉइलच्या टर्मिनलला जोडा आणि त्याची बॉडी अर्थला स्क्रूने पक्की करा. विजेच्या दृष्टीने ही तीच जागा आहे, फक्त डेल्कोच्या भट्टीबाहेर. गाडी चालू झाली आणि चालत राहिली तर दोषी सापडला. माझ्या मते तर कंडेन्सर कायमचाच तिथे बाहेर ठेवावा; आतला जुना कंडेन्सर जोडणी काढून नुसता दिसण्यापुरता राहू द्यावा. मूळ रूपाचा हट्ट असलेल्यांनाही यात वावगं वाटायचं कारण नाही, एका स्क्रूने सगळं पूर्ववत होतं.

कॉइलबद्दल एक गोष्ट जी वारंवार दिसते. दुकानात ‘बारा व्होल्टची कॉइल द्या’ म्हटलं की दोनपैकी कुठलीही हातात पडते. साध्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. बॅलास्टबरोबर, म्हणजे करंट कमी करणाऱ्या वेगळ्या रेझिस्टरबरोबर, चालणाऱ्या कॉइलचा त्याच्या निम्मा. बॅलास्ट नसलेल्या पद्मिनीला ही दुसरी कॉइल लावली तर चार-साडेचार अँपियरऐवजी नऊच्या आसपास अँपियर पॉइंटमधून जातात. गाडी सुरुवातीला झकास चालते, ठिणगी जोरदार, मालक खूश. मग कॉइलला हात लावता येत नाही इतकी ती तापते, पॉइंट निळे पडतात, आणि मेकॅनिक पॉइंट बदलत राहतो. नवी कॉइल घेताना मल्टिमीटर घेऊन जा आणि दुकानातच मोजा. दुकानदार रागावत नाही.

शेवटी डेल्कोच्या आतली ती बारीक वेणीसारखी वायर, बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी. व्हॅक्यूम अॅडव्हान्सबरोबर ती सारखी हलते आणि आतल्या आत तुटते. वरचं आवरण शाबूत दिसतं. बोटाने हलकेच ताणून बघा. रबरासारखी लांबली तर आत तांबं उरलेलं नाही. बेस प्लेटची अर्थ वायरही अशीच तपासा. पॉइंटची गॅप ०.४५ मिमीच्या आसपास ठेवायची, पण शाफ्टचे बुश झिजले असतील तर गॅप प्रत्येक फेरीला वेगळी येते आणि ती मोजायचं फिलर गेज खोटं बोलतं. शाफ्ट आडवा हलवून खेळ जाणवला तर आधी बुश करून घ्या.

करंट ठीक आहे, मग पेट्रोल

एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत हाताने थ्रॉटल ओढा. पंप जेट असलेला कार्बोरेटर असेल तर पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी. दिसली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. नाही दिसली तर कॉइलकडून डेल्कोकडे जाणारी बारीक वायर (मधली जाड नव्हे) सोडवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून काचेच्या बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. जोरात, ठोक्या-ठोक्याने, पांढरट बुडबुडे नसलेलं पेट्रोल यायला हवं. फेसाळ आलं किंवा थेंब थेंब आलं, तर आता खरी चौकशी सुरू.

आणि चौकशीतली पहिली कृती: टाकीचं झाकण उघडा. कान देऊन उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर बाटलीत पेट्रोल नीट येऊ लागलं, तर रोग बॉनेटखाली नाहीच.

माझ्या माहितीतली एक पद्मिनी खंबाटकी घाटात दर वेळी अर्ध्यावर थांबायची. पंप बदलला, पाइपला अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, पंपाला अॅल्युमिनियमचा पत्रा लावला. गाडीचं काम सुंदर झालेलं होतं, रंग, क्रोम, सीटचं रेक्झिन, सगळं मन लावून केलेलं. झाकण मात्र चोरीच्या भीतीने किल्लीचं बसवलेलं होतं, बाजारातलं. मूळ झाकणात हवा आत यायला वाट असते, या किल्लीच्या झाकणात ती नव्हती. पेट्रोल जातंय आणि त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणजे टाकीत ओढ तयार होते. भरल्या टाकीत ती लवकर होते, कारण वर मोकळी हवा कमी असते. म्हणूनच ती गाडी घरून टाकी फुल करून निघाल्यावर हमखास थांबायची आणि परतीच्या वाटेवर कमी थांबायची. झाकणात एक मिलिमीटरचं भोक पाडल्यावर त्रास संपला.

‘एअर धरते’ म्हणजे नक्की काय होतं

हे नीट समजून घेतलं की निम्मे उपाय आपोआप सुचतात. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, मिश्रण आहे, आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. उन्हाळ्यात सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली साठ-सत्तर अंश सहज होतात. तरीही या गाड्या चाळीस वर्षं मुंबईत टॅक्सी म्हणून दिवसभर चालल्या. मग त्या का थांबत नव्हत्या?

कारण उकळणं केवळ तापमानावर ठरत नाही, दाबावरही ठरतं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतं. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला याच्या बरोबर उलट घडतं. टाकी मागे, पंप पुढे इंजिनवर. पंप मागून पेट्रोल ओढतो म्हणजे त्या सगळ्या पाइपमध्ये दाब कमी असतो. जितकी ओढ जास्त, तितकं पेट्रोल कमी तापमानाला उकळणार. टाकीच्या तळातली जाळी गंजाने भरली, फिल्टर तुंबला, पाइप कुठे दगडाने चेपला गेला, झाकण बंद असलं, की पंपाला जास्त जोर लावावा लागतो, दाब आणखी उतरतो आणि जे पेट्रोल काल उकळत नव्हतं ते आज त्याच उन्हात उकळतं. पंपात वाफ आली की त्यातला लवचीक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, नुसता वाफ दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

म्हणून पंपाला ओलं फडकं, पत्रा, दोरी या सगळ्यांच्या आधी टाकीपासून पंपापर्यंतची वाट मोकळी आहे का ते बघायचं. पाइप दोन्हीकडून सोडवून मागून पुढे हलक्या हवेने फुंकून बघा. रबरी तुकडे सगळे नवे करा. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून चिंचोळा होतो, किंवा त्याला इतकी बारीक चीर असते की पेट्रोल बाहेर गळत नाही पण ओढीबरोबर हवा आत शिरते. बाटलीत दिसणारे बुडबुडे कित्येकदा वाफेचे नसतात, या चिरेतल्या हवेचे असतात.

आता पेट्रोलच बदललंय हेही मान्य करायला हवं. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलची बाष्प होण्याची ओढ थोडी वाढते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, बुचाचे गॅस्केट सोडवतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं साठलेला चिकट थर विरघळवून जाळीत आणून सोडतं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरमधल्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिश्रण साधारण सात-आठ टक्के पातळ पडतं; पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं आणि उचल कमी देतं. मेन जेट एक पायरी मोठा करून प्लगचा रंग बघणं यात मला काही कमीपणा वाटत नाही. आणि महिनोन्महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

एसी पंप दुरुस्त करताना

सगळी वाट मोकळी आहे, झाकण ठीक आहे, आणि तरी गरम झाल्यावर बाटलीत जोर नाही. मग पंप. त्याआधी ऑइलची कांडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल आणि लेव्हल वाढलेली असेल तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यात, जातंय. अशी गाडी चालवत घरी नेऊ नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. टोइंग करा, आणि पंप झाल्यावर ऑइल-फिल्टर दोन्ही बदला.

बाजारात मिळणारा नवा पंप आणि गाडीवरचा जुना ओरिजनल पंप यांत मी जुना उचलीन. त्याचं ओतकाम चांगलं असतं, लिव्हर टिकाऊ असते, आणि रबर सोडलं तर त्यात खराब होण्यासारखं फार थोडं असतं.

खोलण्याआधी वरच्या आणि खालच्या भागावर कानशीने एकच आडवी खूण करा, म्हणजे बसवताना पाइपांची दिशा चुकणार नाही. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिला अॅसिडमध्ये बुडवू नका, गंज काढायच्या द्रावणातही नाही. जस्त खाल्लं जातं. रॉकेल, कार्बोरेटर क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. दोन्ही तोंडं एकमेकांवर बसतात त्या कडा स्टीलच्या पट्टीखाली उजेड धरून बघा. वर्षानुवर्षं स्क्रू आवळून आवळून भोकांजवळच्या कडा वर आलेल्या असतात, आणि नेमकी तिथूनच हवा शिरते. जाड काचेवर २४० नंबरचा आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थोडं रॉकेल टाकून, इंग्रजी आठच्या आकारात हात फिरवत घासा. कडेवर सगळीकडे एकसारखा करडा रंग आला की थांबा, जास्त घासू नका.

डायफ्रॅम बसवतानाची एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. स्क्रू आधी नुसते बोटाने लावा. मग लिव्हर पूर्ण दाबून धरा, म्हणजे डायफ्रॅम आपल्या हालचालीच्या टोकाला जाईल, आणि त्या अवस्थेत समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. लिव्हर मोकळी ठेवून आवळलं तर कापड ताणलेलं राहतं, हालचाल अपुरी होते आणि पहिल्या काही महिन्यांतच मध्यावर फाटतं.

पंप आणि ब्लॉक यांच्यामधला बेकलाइटचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, जाड तुकडा फेकू नका आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या गॅस्केटची जाडी मनाने ठरवू नका. हा तुकडा उष्णता तर अडवतोच, पण दांडीने पंपाला किती ढकलायचं तेही त्याच जाडीवर ठरतं. जाड गॅस्केट घातलं की पंपाचा स्ट्रोक कमी, पातळ घातलं की डायफ्रॅमवर ताण. जुनी गॅस्केट निघाली की मोजून घ्या, तेवढ्याच जाडीची कापा.

जोडून झाल्यावर गाडीवर चढवण्याआधी परीक्षा: आत येणाऱ्या तोंडावर बोट ठेवून लिव्हर दोन-तीनदा दाबा, बोट ओढलं गेलं पाहिजे आणि ओढ काही सेकंद टिकली पाहिजे. बाहेरच्या तोंडावर बोट ठेवून दाब टिकतो का बघा. टिकत नसेल तर व्हॉल्व्ह.

पुष्कळजण या सगळ्यातून सुटका म्हणून मागे इलेक्ट्रिक पंप बसवतात. मागून ढकललेलं पेट्रोल सहज उकळत नाही, त्यामुळे उपाय तत्त्वाने बरोबर आहे. पण इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावू नका. त्याचा दाब ३ बारच्या आसपास असतो, या कार्बोरेटरच्या नीडलला पाव बारच्या पुढे झेपत नाही. पेट्रोल सरळ उतू जाऊन इंजिनवर पडेल. कमी दाबाचा, कार्बोरेटरसाठीचाच पंप घ्या आणि इंजिन बंद पडल्यावर तोही बंद होईल असं ऑइल प्रेशरच्या स्विचवरून वायरिंग करा.

टाकी

जाळी पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही, टाकी उतरवा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरल्या टाकीपेक्षा धोकादायक. वेल्डिंगचा विचारसुद्धा आधी नको. पाण्याने आणि साबणाने दोन-तीनदा धुवा, मग पाच टक्क्यांच्या आसपास सायट्रिक अॅसिडच्या द्रावणाने पूर्ण भरून रात्रभर ठेवा. सकाळी ओतून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच गरम हवेने सुकवा आणि आतून थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवा. ओली ठेवली तर तासाभरात नवा तांबडा गंज धरतो. आतून लावायचे सीलर शक्यतो टाळा. जुन्या पद्धतीचे सीलर इथेनॉलमध्ये सुटून पापुद्रे होतात आणि पहिल्यापेक्षा वाईट तुंबतं.

माल कुठे, आणि कुठला घ्यायचा

टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर पद्मिनीचा माल कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी सेवेतून गेली, आणि रोजची मागणी तिच्याबरोबर गेली. तरी ऑपेरा हाउसची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, इथे अजून पेट्या उघडतात. जाताना जुना पार्ट हातात घेऊन जा. ‘पद्मिनीचा पंप’ म्हटलं की तीन वेगळे पंप समोर येतात.

पेटीबंद जुना माल दिसला की हात थरथरतो, हे मला समजतं. पण एक नियम पाळा: धातू, बेकलाइट, पितळ जुनं घ्या; रबर, कागद आणि बूच नवं घ्या. तीस वर्षं पेटीत पडलेला डायफ्रॅम ताठर झालेला असतो आणि आजच्या पेट्रोलमध्ये आठवड्यात जातो. कंडेन्सरही जुना घेऊ नका, आत ओल शिरलेली असते. डायफ्रॅम घेताना इथेनॉलला टिकणारं रबर आहे का ते विचारा. सांगता येत नसेल तर एक तुकडा आठवडाभर पंपावरच्याच पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा. फुगला, चिकट झाला, की तो नको.

न मिळणारी वस्तू बनवून घ्यायची तर कोल्हापूरचं उद्यमनगर. डेल्कोचे बुश, पंपाची दांडी, लिव्हरची पिन, नमुना दिला की मापात करून देणारे हात तिथे आहेत. नमुना मात्र झिजलेला देत आहात हे सांगा, नाहीतर झीजसुद्धा जशीच्या तशी बनून येते.

काटाच वर गेला असेल तर

हे सगळं टेम्परेचरचा काटा जागेवर असताना. काटा लाल भागात जाऊन गाडी बंद पडत असेल तर वरचं काही तपासू नका, तो रेडिएटरचा, बेल्टचा, वॉटर पंपाचा किंवा ठिणगीच्या मागे पडलेल्या टायमिंगचा प्रश्न आहे. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. बोअरचं पाणी घातलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरलेल्या असतात. वरची टाकी सोडवून सळई मारून घ्या आणि पुढे कूलंटच घाला.

डिकीत ठेवायचं सामान: एक प्लग, एक पारखलेला कंडेन्सर, एक रोटर, पॉइंटचा सेट, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, दोन फूट पेट्रोलचा पाइप आणि चार क्लिपा, काचेची बाटली, लाकडी चिमटा. कंडेन्सर आणि रोटर गाडीवर लावून, गरम करून, तासभर चालवून बघितलेले असू द्या. न वापरलेला नवा पार्ट चांगला आहे असं धरून चालू नका. आणि एक छोटी वही. कधी बंद पडली, टाकी किती होती, काटा कुठे होता, ठिणगी होती का, बाटलीत काय आलं, हे तिथेच लिहा आणि गॅरेजमध्ये पोचल्यावर ती वही मेकॅनिकच्या हातात द्या.